नऊ वाव

ऐतमुरात जीपमध्ये बसला तेव्हा
मांडीवर नकाशाची गुंडाळी होती,
मेणकापडात, सुतळीनं तीनदा बांधलेली.
"उत्तरेला घे," म्हणाला, "आणि सावकाश.
पुढे वाळूची दांडी आहे, तळ घासेल."

मी काचेतून पाहिलं. सगळा तळच होता.
क्षितिजापर्यंत शिंपले, मिठाचे पापुद्रे,
आणि एक उंट, ज्याला कुणी हाकत नव्हतं.
तरी गाडी डावीकडून घेतली.
म्हाताऱ्याशी कोण वाद घालणार?

मुइनाकच्या बंदरात तो आरकाटी होता, एकतीस वर्षं.
मोठी बोट आली की होडक्यातून पुढे जायचा,
शिशाचा गोळा दोरीनं खाली सोडायचा,
गोळ्याच्या बुडाला मेंढीची चरबी.
तिला चिकटून काय वर येतं ते बघायचा:
चिखल, रेती, शिंपल्यांचा चुरा.
कधी जिभेवर ठेवूनही.
कोण किती पाण्यात आहे
हे सांगण्याचा त्याला पगार मिळे.

"या समुद्राला भरती-ओहोटी नव्हतीच.
वारा ढकलेल तेवढंच पाणी हलायचं.
मग एकदाच ओहोटी लागली."
पुढचं तो सांगत नाही.
वरच्या वर नद्या कापसाकडे वळवल्या,
हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक.
समुद्र गेला तरी कारखान्यात डबे भरणं चालूच होतं.
बाल्टिकचे गोठलेले मासे आगगाडीनं यायचे, मग ट्रकनं.
माझी आई ते कापायची
आणि घरी येऊन हात हुंगायची:
या माशांना आपला वास नाही रे.

आज त्याला नांगर हवा होता.
चोविसाव्या वर्षी, वादळात, साखळी तुटून गेलेला.
तीन महिन्यांचा पगार कापला होता त्यापायी,
आणि बिबिसाराला अंगठी
एक वर्ष उशिरा मिळाली.
जागा त्यानं त्याच रात्री बांधून घेतली होती:
दीपगृह आणि कारखान्याचं धुराडं एका रेषेत,
डाव्या हाताला कड्याचं नाक,
खाली नऊ वाव पाणी.

दीपगृहाचा बुंधा उरलाय.
धुराडं पाडलं, विटा लोकांनी नेल्या,
माझ्या न्हाणीतही त्यातल्या चाळीसेक आहेत.
त्यानं धुराड्याच्या जागी हवेत एक बोट उभं धरलं,
एक डोळा मिटला.
"अजून थोडं. अजून. थांब."

सळईनं टोचलं. फावड्यानं खणलं.
कंबरभर खड्ड्यात निळसर चिखल,
मग एक बाटली, मग काहीच नाही.
भंगारवाले आधीच येऊन गेले असतील, मी म्हणालो.
"किंवा मी चुकलो असेन."
आणि नांगर न मिळण्यापेक्षा
हेच त्याला जास्त लागलेलं दिसत होतं.

मग मान वर करून बराच वेळ उभा राहिला,
डोळ्यांवर हात धरून,
खालून बोटीचं बूड दिसावं तसा.
"इथून तिथवर नऊ वाव," म्हणाला.
"तिथे वर मी भिजून कुडकुडत होतो.
केवढ्या उंचावर!"
आणि हसला, ठसका लागेपर्यंत.
मिठाची धूळ. इथे हसणाऱ्यालाही खोकावं लागतं.

नकाशा बॉनेटवर पसरला, कोपऱ्यांवर पाने ठेवले.
नऊचा आकडा खोडला नाही.
शेजारी पेन्सिलीनं लिहिलं:
साक्साउलचं झुडूप, गुडघाभर.
कोल्ह्याचा माग, पूर्वेकडे.
तारीख घातली, सही केली,
जशी बंदराच्या वहीत करायचा.

तेव्हापासून महिन्यातून एकदा निघतो आम्ही.
डिझेल अर्धं त्याचं, अर्धं माझं.
नांगराचं नाव कुणी काढत नाही.
निळ्या कागदावर पेन्सिल वाढत चालली आहे:
गोड्या पाण्याची विहीर, जेमतेम.
इथे रात्री ऐकू येतं, पण काय ते कळलं नाही.

परवा मी एकटाच मीठ भरायला गेलो.
दांडीपाशी आल्यावर
हात आपोआप सुकाणूसारखे फिरले,
गाडी डावीकडून निघाली.
उंट बघत होता.